पेटीतला कोट

कोटाच्या अस्तराची शिवण एका बाजूला सुटलेली होती. रफूताईंनी तिथून हात आत सरकवला आणि डाव्या छातीपाशी कापडाला आतून बोट टेकवलं. बाहेरच्या बाजूनं प्राध्यापक डोळ्याला भिंग लावून टेबलावर ओणवे झाले होते.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बोटावरच आहे. म्हणजे तुमच्या भिंगाखालीच."

"मला तर काही दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच करतात ना, सर."

प्राध्यापक सरळ झाले आणि त्यांनी कंबर धरली. कोट ज्या लढाईतला होता त्या लढाईवर त्यांचं एवढं जाडजूड पुस्तक होतं की विद्यार्थी त्याला उशी म्हणत. कुठल्या तुकडीनं कुठल्या पहाटे कुठला पूल ओलांडला, हे ते झोपेतही सांगत. पण कापड म्हटलं की स्वारीचं घोडं अडायचं. म्हणून तर संग्रहालयानं रफूताईंना बोलावलं होतं. बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांचं वडिलांपासूनचं रफूचं दुकान होतं, आणि जळक्या शालीपासून उंदरानं कुरतडलेल्या सुटापर्यंत त्यांच्या हातून सुटलेलं कापड गावात नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, आणि कुणी खोडून काढत नसे.

कोट जाड लोकरीचा होता, मातकट हिरवा, चांगला गुडघ्याखाली जाणारा. सत्तर वर्षांपूर्वी एका शिपायाच्या अंगात असताना त्याला छातीवर गोळी लागली. शिपाई गेला. कोट, पट्टा आणि चमचा एवढं गाठोडं त्याच्या बायकोकडे परत आलं. छातीवरचं भोक मागाहून कुणीतरी रफू करून बुजवलं होतं. प्राध्यापकांना ते भोक परत हवं होतं.

"रफू उसवा," ते म्हणाले. "शनिवारी दालन उघडतंय. मधोमध काचेची पेटी, त्यात हा कोट, आणि छातीवर नेमका प्रकाश. लोकांना भोक दिसलं की युद्ध दिसतं, बाई. माझी सातशे पानं वाचून जे होत नाही ते त्या भोकानं होईल."

"दुसऱ्याच्या हातचा रफू मी आजवर उसवलेला नाही."

"मग या खेपेला उसवा."

"आधी बघू तर द्या कसा केलाय. उद्या सांगते."

प्राध्यापक गेले. रफूताईंनी खिडकीजवळ टेबल ओढलं, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि कोटापुढे बसल्या.

खरं तर हा कोट त्या लहानपणापासून ओळखत होत्या. तो न बघता ओळखणारं सगळं गावच होतं. सहावीच्या पुस्तकात धडाच होता, 'पेटीतला कोट'. वीरपत्नीनं तो कोट तीस वर्षं पेटीत जपला, त्यावर ऊन पडू दिलं नाही की वारा लागू दिला नाही, रोज संध्याकाळी पेटी उघडून ती त्यावरून फक्त हात फिरवी. परीक्षेत यावर हमखास प्रश्न यायचा. शाळेच्या संमेलनात त्याचं नाटुकलं व्हायचं, आणि सलग दोन वर्षं वीरपत्नीचं काम रफूताईंना मिळालं होतं. अभिनय यथातथाच होता, पण त्यांना मागितलं की रडू यायचं. पुठ्ठ्याच्या पेटीवर डोकं टेकून त्यांनी असा काही टाहो फोडला होता की पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या वडिलांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तीस वर्षं पेटीत? आणि कसर लागली नाही?"

वडील कापडाचेच माणूस होते. तेव्हा सगळे हसले होते.

आता त्यांनी रफू नीट पाहिला. तो धंद्यातल्या माणसाचा नव्हता. धागे नको इतके जवळजवळ घेतलेले, मध्ये जरासं पोट आलेलं. हाताला सवय नव्हती, पण हाताला घाईही नव्हती. उभ्या धाग्याखालून आडवा धागा एकदाही चुकला नव्हता. आणि धागा बाहेरचा नव्हता. कोटाच्या खालच्या दुमडीत पाहिलं तर तिथली वीण विरळ झालेली. कोटाचेच धागे एकेक ओढून काढून कोटाचं भोक भरलं होतं. हे कुणी शिकवत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं. रफूताईंना त्या अनोळखी हाताचं कौतुक वाटलं, आणि असं कौतुक त्यांना वर्षातून एखाद्या वेळीच वाटायचं.

मग त्यांची बोटं पुढे सरकली. खांद्याशी, काखेखाली, बाहीच्या टोकाला, छातीच्या दोन्ही बाजूंना. दुपार कलली तेव्हा त्यांनी चष्मे उतरवले. शाळेत पुठ्ठ्याच्या पेटीवर आपण कशासाठी रडलो होतो, असा प्रश्न त्यांना पडला आणि थोडा रागही आला.

बुधवारी प्राध्यापक आले ते थेट टेबलाशीच. टेबलावर पांढऱ्या कागदावर चिमूटभर काळी भुकटी ठेवलेली होती.

"हे कुठून आलं?"

"शिवणींतून. बाहीच्या टोकाला, कॉलरखाली, खिशांच्या कोपऱ्यांत."

प्राध्यापकांचा चेहरा असा उजळला की जणू गोळी झाडणाराच सापडला. "दारू!"

"कसली दारू?"

"बंदुकीची, बाई. सत्तर वर्षं शिवणीत दडून बसलेली. रणांगणाचा कण अन् कण. पहिल्या दालनात वेगळ्या काचेखाली ठेवू."

रफूताईंनी ती भुकटी दोन बोटांत चोळली आणि बोटं उन्हात धरली. "हा कोळसा आहे, सर. दगडी कोळसा. माझा जन्म कोळशाच्या इस्त्रीशेजारी गेला. लाकडी असता तर नुसता काळा राहिला असता. हा बघा, चमकतोय."

"लढाईत कोळसा कुठून येणार?"

"तेच म्हणते मी. हा कोट पेटीत नव्हता. कुणीतरी तो वापरत होतं, आणि पुष्कळ वर्षं वापरत होतं. कोपरं बघा."

"कोपरं शिपायानंच झिजवली. तो कोपरांवर सरपटत होता."

"बरं. मग हे बघा." त्यांनी कोट उन्हाकडे वळवला आणि छातीच्या बाजूला दाभणाचं टोक नेलं. "ही बारीक भोकांची रांग. खालपासून वर येते आणि इथं निमुळती होते. या बाजूलाही तशीच. शिवण उसवली तरी सुईची भोकं राहतात. आणि रांगेशेजारचा हा पट्टा गडद आहे, कारण तो शिवणीच्या आत होता, त्याला ऊन लागलं नाही. बाकी कोट विटला. खांदे आत घेतलेले होते, बाह्या आखूड केलेल्या होत्या आणि छातीला आकार द्यायला हे दोन चिमटे घातले होते. पुरुषाच्या कोटाला असे चिमटे घालत नाहीत, सर."

प्राध्यापक टेबलाशी वाकले. त्यांनी भिंग उचललं.

"आता डावा चिमटा रफूवरून कसा गेलाय ते पाहा. भोकं रफूच्या धाग्यांतून आरपार गेलीत. म्हणजे आधी भोक, मग रफू, मग चिमटे. आणि या उसवलेल्या कडा अजून गडद आहेत, हवा लागलेली नाही. गेल्या महिनाभरात कुणीतरी उसवलंय. शिंप्यानं नव्हे. ब्लेडनं. इथं कापडाला चराही गेलाय."

कालक्रम म्हटल्यावर प्राध्यापकांना पटणं भागच होतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? ते खुर्चीत बसले. मग म्हणाले,

"स्टेशनमागची कोळशाची वखार. पुरुष लढाईवर गेले म्हणून तिथं बायका घेतल्या होत्या. एकशे चाळीस बायका. लढाई संपल्यावरही त्यांतल्या काही तीस-तीस वर्षं तिथंच होत्या. माझ्या पुस्तकात आहे हे. नवव्या प्रकरणात." थोडं थांबून त्यांनी भर घातली, "तळटीप."

रफूताईंनी हसू दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही.

"पण धडा?" प्राध्यापक म्हणाले. "धडा लिहिणारे मास्तर स्वतः त्यांच्या घरी गेले होते. ती माउली तेव्हा हयात होती. तिनं सांगितल्याशिवाय का त्यांनी लिहिलं?"

"काय सांगितलं असेल तिनं? 'कोट कुठाय' विचारल्यावर 'पेटीत आहे' म्हणाली असेल. दुपारची वेळ असेल. पहाटे अंगात असला तरी दुपारी कोट पेटीतच असायचा."

यावर प्राध्यापक मनापासून हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. शिपायाच्या ज्या लेकीनं कोट दिला होता तिच्या संमतीचा तो कागद होता. ती आता सत्तरीच्या पुढे होती, आणि गाव तिला कोटवाल्या आजी म्हणत होतं.

"फोनवर त्या हो म्हणाल्यात. रफू उसवा, भोक दाखवा, धड्यात आहे तसंच सगळं दिसू द्या, म्हणाल्या. उद्या सही करायला येतायत. शनिवारी तीनशे मुलं धडा पाठ करून येणार आहेत, बाई. आजींनीच शिवणी उसवल्या असतील तर त्यांची इच्छा स्पष्ट आहे. त्यांच्या आईला मी चव्हाट्यावर कसं आणू?"

"आणि रफू उसवला की त्यातली चिमट्याची भोकंही गेली, म्हणजे रफूनंतर कोट कुणी घातला याचा पुरावाच गेला. मग ती बाई फक्त पेटीपाशीच बसली होती, असं होणार. कायमचं."

"कोट माझा नाही. तुमचाही नाही."

हे खरंच होतं. रफूताईंनी सुईदाणीतल्या सुया उगाचच मोजल्या.

"त्यांनी सही केली तर मी उसवीन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला देऊ नका. ज्या हाताला तो रफू कळलाय त्याच हातानं तो सुटावा. पण सही करण्यापूर्वी त्यांनी कोट एकदा बघायचा. टेबलावर पडलेला नाही. उभा."

गुरुवारी सकाळी रफूताई दुकानातला शिवणकामाचा बायकी पुतळा काखोटीला मारून भररस्त्यानं संग्रहालयाकडे निघाल्या. बिनडोक्याची, बिनहाताची बाई घेऊन चाललेल्या रफूताईंना बघून चहावाल्यानं "पाहुण्या कुठून आल्या?" असं विचारलं. "माहेरी चालल्यात," म्हणत त्या थांबल्याही नाहीत.

खिडकीपाशी पुतळा उभा करून त्यांनी त्याच्यावर कोट चढवला. आधी तो खांद्यांवरून ओघळला, बाह्या लोंबल्या, आणि पुतळा कुणा मोठ्या माणसाचे कपडे घातलेल्या पोरीसारखा दिसू लागला. मग त्यांनी टाचण्या घेतल्या. स्वतःच्या मनानं एकही टाचणी लावायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. जिथं जुनं भोक, तिथंच टाचणी. खांदे आत आले. बाह्या मनगटापर्यंत वर गेल्या. खालची दुमड चार बोटं चढली. चिमटे घातले तेव्हा कोट एकाएकी भरला आणि त्यात कुणीतरी आहे असं वाटलं. बुटकी, रुंद खांद्यांची, डावा खांदा किंचित उतरलेली बाई. रफूताई दोन पावलं मागे सरल्या. त्यांना रडू आलं नाही. त्यांना त्या बाईशी बोलावंसं वाटलं.

एकच गोष्ट राहून राहून खटकत होती. उजवा खिसा. डावा जसा असावा तसा होता. उजव्याचं तोंड मात्र बाहेर आणि मागच्या अंगाला ओढलं गेलं होतं, इतकं की त्याची कड आता सरळ होतच नव्हती. आतून फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ लावून तो बळकट केलेला होता. एकदा नव्हे, दोनदा. स्वतःचा हात खिशात घालून कुणाचा खिसा असा झिजत नाही. जड काही ठेवलं तर खिसा खाली लोंबतो, मागे जात नाही. रफूताईंनी पुष्कळ डोकं खाजवलं. कापडानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, असं त्यांच्या बाबतीत सहसा होत नसे. शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

अकराच्या सुमारास दारात काठीचा आवाज आला. प्राध्यापकांनी कोटवाल्या आजींना हाताला धरून आणलं होतं. आजी ताठ चालत होत्या. अंगावर इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. अर्धा जन्म धड्यातल्या वीरपत्नीची लेक म्हणून वावरलेल्या बाईला ढिलं राहून चालत नाही. शाळांच्या कार्यक्रमांत त्यांना पहिल्या रांगेत बसवत आणि हातात फूल देत.

"कुठं करायची सही?" त्यांनी आत येता येताच विचारलं. आणि मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

पुतळ्याची पाठ त्यांच्याकडे होती. त्या थांबल्या. काठीही थांबली.

"हे कुणी केलं?"

"मी," रफूताई म्हणाल्या. "मी फक्त टाचण्या लावल्या, मावशी. भोकं होती तिथंच."

आजींनी प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापक आपल्या बुटांकडे बघत होते.

"म्हणजे तुम्हाला कळलं."

"कोटाला लपवता येत नाही," रफूताई म्हणाल्या. "ब्लेडनं एका ठिकाणी चरा गेलाय. तो मी सांधून देईन, दिसणारसुद्धा नाही. त्याची काळजी करू नका."

आजी खुर्चीवर बसल्या. बसल्यावर ताठपणा थोडा उतरला.

"मीच उसवला. तीन दिवस लागले मला. डोळ्यांना दिसत नाही आताशा." त्या सावकाश बोलत होत्या, पण आवाज कापत नव्हता. "धड्यात आहे तसा द्यायला हवा, म्हटलं. आईनं त्या मास्तरांना काही सांगितलं नव्हतं हो. ती पहाटपाळीहून येऊन आंघोळ करत होती. मास्तर म्हणाले, 'कोट पाहायचा होता.' ती आतून म्हणाली, 'पेटीत आहे, हात लावू नका, काळे होतील.' पुढचं त्यांनी लिहिलं. धडा आला तेव्हा मी वाचून दाखवला तिला. तर ती म्हणाली, 'छान लिहिलंय. कोण बाई आहे ही?'"

प्राध्यापकांनी मान वर केली. हसावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"मला मात्र तो धडा आवडायचा," आजी म्हणाल्या. "शाळेत पोरी मला कोळशी म्हणायच्या. पुढे धडा आला आणि मी वीरकन्या झाले. कुणाला नको वाटेल? आता तुम्हीच सांगा."

रफूताईंना पुठ्ठ्याची पेटी आठवली, आणि सगळ्या वर्गानं वाजवलेल्या टाळ्याही.

मग प्राध्यापकांनी घसा साफ केला. "आजी, हा रफू... भोक उघडायचं म्हणत होतो मी. फोनवर तुम्ही हो म्हणालात. तुमची हरकत असेल तर..."

"उसवला तर भोक निघेल ना?"

"निघेल," रफूताई म्हणाल्या. "पण परत हाच रफू मला घालता येणार नाही. मी घालीन तो चांगला असेल. हा नसेल."

आजींनी ऐकून घेतलं. प्राध्यापकांनी समोर धरलेला कागद त्यांनी घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"ती आठ दिवस बसली होती त्याला," त्या म्हणाल्या. "दिवा दिसला की मी तिच्या मांडीवर जायची, आणि ती म्हणायची, हलू नकोस, धागा चुकेल. पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी घातला तिनं तो, आणि वखारीत गेली. थंडी होती."

"म्हणजे राहू द्यायचा?"

आजींनी पालथा कागद प्राध्यापकांना परत दिला. पेन त्यांनी मागितलंच नव्हतं.

प्राध्यापकांनी कागदाची चार पदरी घडी घातली आणि खिशात ठेवली. मुरलेला माणूस होता तो. सातशे पानं चुकली असं त्यानं मानलं नाही. एकच पान नीट लिहायचं राहिलंय, एवढंच मानलं, आणि तेवढ्यानं त्याच्या अंगात उत्साह आला. टेबलावरचा कोरा पुठ्ठा त्यांनी पुढे ओढला. कोटाशेजारी लावायची पाटी त्यावर लिहायची होती.

"मग आजी, इथं काय लिहू? पेटीतला कोट तर म्हणता येणार नाही. मुलं विचारतील."

आजी काठीवर भार देऊन उठल्या आणि पुतळ्याकडे चालत गेल्या. समोर गेल्या नाहीत. उजव्या बाजूनं जरा मागे उभ्या राहिल्या. काठी त्यांनी खिडकीला टेकवून ठेवली. मग त्या गुडघ्यांत थोड्या वाकल्या, इतक्या की रफूताई त्यांना सावरायला पुढे झाल्या. पण त्या पडत नव्हत्या. त्यांनी हात वर नेला आणि उजव्या खिशाच्या कडेवर बोटं ठेवली. मुठीत धरली. मागे ओढलेलं ते कापड त्यांच्या मुठीत बरोबर बसलं.

रफूताई जिथल्या तिथं थांबल्या.

"आई फार भरभर चालायची," आजी म्हणाल्या. "मला धरून राहावं लागायचं."